वांगणीचा फौजदार आणि रिकामा कॅमेरा : धुंडिराज गोविंद फाळके या छायाचित्रकाराची शोधयात्रा

कल्याणहून कर्जतकडे निघालेली गाडी अंबरनाथ आणि बदलापूर मागे टाकते आणि थोड्याच वेळात वांगणी येते. आपल्यापैकी कित्येकांनी हे स्थानक खिडकीतून शेकडो वेळा पाहिले असेल. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या बाह्यचित्रणासाठी धुंडिराज गोविंद फाळके यांनी याच परिसरातील एक गाव निवडले होते. मंडळी पुढे गेली, फाळके मात्र काही कामासाठी मुंबईतच थांबले. प्रवासात पोशाख आणि शस्त्रे पेटीत ठेवावीत, एवढी सूचना देण्याचे त्यांच्याकडून राहून गेले.

परिणाम व्हायचा तोच झाला. ढाल, तलवार, धनुष्यबाण घेतलेली माणसांची टोळी गावात शिरताना पाहून गावकऱ्यांना वाटले, दरोडा पडला. त्यांनी पाटलाला कळवले, पाटलाने फौजदाराला. फौजदाराने अयोध्येच्या राजासह सर्वांना अटकेत टाकले. ‘आम्ही चित्रपट काढायला आलो आहोत’ हे स्पष्टीकरण त्या काळी कोणाला पटावे? भारतात कथाचित्रपट निर्माण होऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती.

फाळके येऊन पोहोचले तेव्हा त्यांनी ना वाद घातला, ना विनवण्या केल्या. कॅमेरा आणि फिल्म फौजदारासमोर ठेवली, यंत्र कसे चालते ते समजावले, आणि मग नटांना एक प्रसंग करून दाखवायला सांगून स्वतः चित्रीकरण सुरू केले. कॅमेऱ्यात फिल्म घातलेली नव्हती. महागडी फिल्म प्रात्यक्षिकात कोण वाया घालवील? फौजदाराला गोष्ट उमगली आणि मंडळी सुटली.

मित्रांनो, फाळके यांच्यावरील बहुतेक लेख १९१३ च्या त्या पहिल्या चित्रपटापासून सुरू होतात. या धाग्यात आपण उलट दिशेने जाऊ. वांगणीला एका अनोळखी अंमलदाराला धीराने धडा देणारा हा माणूस त्या वेळी बेचाळिशी ओलांडत होता. तोवरची जवळजवळ सत्तावीस वर्षे त्याने चित्रकार, छायाचित्रकार, पडदे रंगवणारा, जादूगार, सरकारी नोकर, ठसे बनवणारा आणि मुद्रक अशा भूमिकांत काढली होती. नातेवाइकांच्या भाषेत सांगायचे तर ‘एक धड नाही’. मला मात्र ती सत्तावीस वर्षेच अधिक महत्त्वाची वाटतात.

आधी थोडा भूगोल. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणला त्याला दोन फाटे फुटले : एक थळ घाटातून नाशिककडे, दुसरा बोर घाटातून लोणावळ्याकडे. फाळके यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच तीन टोकांत सामावलेला आहे. जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी, पहिला मोठा छापखाना लोणावळ्याला, पहिला चित्रपट दादरला आणि अखेर पुन्हा नाशिकला. दादर पूर्वेला त्यांचे नाव असलेला रस्ता आहे. डोंबिवलीकरांनी त्याची आपल्या फडके रोडशी गल्लत करू नये!

वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. वैदिक परंपरेच्या घरातील या मुलाने १८८५ साली सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला, हे त्या काळाच्या मानाने सरळ वळण नव्हते. या शाळेची एक जुनी हकीकत आपल्याच परिसरातील आहे. १८६८ साली तिचे प्रमुख टेरी यांच्या देखरेखीखाली अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराची रेखाटने आणि शिल्पांचे साचे घेण्याचे काम झाले. ज्या मंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ येतो तेच हे मंदिर. पाहणे, मोजणे आणि हुबेहूब उतरवणे ही त्या शिक्षणाची शिस्त होती. फाळके यांच्या हाताला तिचेच पहिले वळण लागले.

थोरल्या बंधूंबरोबर ते बडोद्याला गेले आणि तेथे त्यांना खरी शाळा सापडली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे कलाभवन उभे केले होते. रंगकामापासून यंत्रविद्येपर्यंतचे शिक्षण तेथे देशी भाषेतून दिले जाई. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याने रसायनशास्त्रापासून वंचित का राहावे, हा गज्जरांचा रोकडा विचार होता. फाळके तेथे तैलरंग आणि जलरंग शिकले, मूर्तिकाम आणि वास्तुकलेत शिरले, आणि कॅमेऱ्याच्या नादी लागले ते कायमचे. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. गज्जरांनी त्यांना तिरंगी ठसे आणि शिलामुद्रणाची कामे शिकण्यासाठी रतलामला पाठवले आणि परतल्यावर कलाभवनाची छायाचित्रशाळा व प्रयोगशाळा वापरू दिली.

हे शेवटचे वाक्य घाईने वाचू नका. विद्यार्थ्याच्या हाती प्रयोगशाळेची किल्ली सोपवणारा शिक्षक त्यांना तारुण्यात भेटला होता. पुढे फाळके यांनी स्वतः लोकांना कसे शिकवले, हे समजून घेताना मला गज्जर वारंवार आठवतात.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. व्यवसाय बरा चालू लागला आणि तेवढ्यात प्लेग आला. १९०० साली पत्नी आणि मूल, दोघेही गेले. फाळके गोध्रा सोडून बडोद्याला परतले. तेथे त्यांनी पुन्हा कॅमेरा उभा केला, तर गिऱ्हाईक फिरकेना; कारण छायाचित्र काढल्याने माणसाचे तेज ओढले जाते आणि आयुष्य घटते, असा समज पसरलेला होता. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटते. परंतु घरोघरी माणसे पटापट मरत असताना पडद्याआडून रोखलेल्या त्या काचेच्या डोळ्याची भीती वाटली, तर त्यात नवल ते काय? आणि त्या कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस नुकताच आपले घर गमावून बसला होता. त्याला ही भीती कशी ऐकू येत असेल, याची कल्पना करून पाहावी.

मुंबईत तोवर छायाचित्रणाला चांगली पन्नास वर्षे होऊन गेली होती. १८५४ साली तेथे छायाचित्रणाची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यात अग्रेसर होते आणि एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्गही काढण्यात आला होता. अर्थात शहरातील सुशिक्षितांनी एखादी गोष्ट आत्मसात केली म्हणजे ती समाजाची झाली असे नसते. फाळके यांनी बडोद्यात हे प्रत्यक्ष अनुभवले.

मग ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. याच सुमारास एका फिरत्या जर्मन जादूगाराकडून त्यांनी हातचलाखी शिकून घेतली आणि १९०१ मध्ये रंगमंचावर जाहीर प्रयोग सुरू केले. त्यासाठी घेतलेले नाव होते ‘प्रोफेसर केळफा’. उलटे वाचून पाहा : फाळके! तीस-एकतीस वर्षांच्या या विधुराने आपले आडनावच उलटे करून अंगावर चढवले. इतिहासकाराने कोणाच्या मनात फार शिरू नये, हे मान्य. तरीही स्वतःच्या शोधात निघालेल्या माणसाचे याहून बोलके चिन्ह मला दुसरे माहीत नाही. आणि हा केळफा वायाही गेला नाही. हनुमंताचे उड्डाण, जागच्या जागी अदृश्य होणारी पात्रे, पाण्यातून वर येणारा बालकृष्ण : फाळके यांच्या पडद्यावरील चमत्कारांत त्याचाच हात दिसतो. पुढे खुद्द केळफाच्या जादूवरही त्यांनी एक लघुचित्रपट काढला.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई झाल्या. त्यांच्याकडे आपण परत येणारच आहोत.

१९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आराखडे काढणारा म्हणून नोकरी मिळाली. नियमित पगार, सरकारी शिक्का, आवडीचे काम; मध्यमवर्गीय माणसाने आणखी काय मागावे? वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उसळली आणि १९०६ मध्ये फाळके यांनी ती नोकरी सोडली. लोणावळ्याला ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू झाले. राजा रविवर्मा यांच्या नावाच्या छापखान्यासाठी त्यांनी शिलामुद्रणाची कामे केली. पुढे छापखाना दादरला आला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला, आणि १९०९ मध्ये फाळके यंत्रसामग्रीसाठी जर्मनीला जाऊन आले. रविवर्म्यांच्या देवदेवता आपल्या आजी-पणजीच्या देवघरात कशा पोहोचल्या, याचे उत्तर अशा छापखान्यांच्या शिळांवर आहे. एक चित्र हजारो घरांत जाते आणि तेथे त्याची पूजा होते, हे फाळके यांनी शाईने माखलेल्या हातांनी पाहिले होते.

छापखाना भरभराटीला आला आणि भागीदारांशी बिनसले. फाळके हात झटकून, आर्थिक वाटा न घेता बाहेर पडले. येथे त्यांची बाजू घेण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. भागीदाराशी न पटणे ही त्यांच्या आयुष्यात पुनःपुन्हा घडलेली गोष्ट आहे. दरवेळी चूक समोरच्याचीच असेल, असे मानणे कठीण आहे. आपल्या कामाचा हिशेब दुसऱ्याने मागावा, हे त्यांना सोसत नसे.

चाळिशी उलटलेली, हाताला काम नाही, पदरी मुलेबाळे. अशा रिकामपणात गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. त्याविषयी त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात स्वतः लिहिले आहे. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनःचक्षूंसमोर राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या येत होती. हा प्रसंग साक्षात्कारासारखा सांगितला जातो. मला त्यात साक्षात्कारापेक्षा जुळणी अधिक दिसते. कलाशाळेतील रेखाटन, कलाभवनातील रसायने, नाटकाचे पडदे, केळफाची जादू, पुरातत्त्व खात्यातील स्थापत्याची नोंद, छापखान्यातील देवदेवता : यातील एकही विद्या या नव्या कामात निरुपयोगी ठरणार नव्हती. सत्तावीस वर्षे सुटे सुटे पडलेले भाग त्या अंधाऱ्या तंबूत एकमेकांत बसले.

त्यानंतर ते रोज तासन् तास चित्रपट पाहत राहिले, घरी येऊन प्रयोग करत राहिले. इतके की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचाराने ती परत मिळाली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून कर्ज उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी, हिंदुस्थानात हे जमणे कठीण, असा प्रामाणिक इशारा दिला आणि तरीही मदत केली. निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपला कारखाना दाखवला. जेमतेम दोन आठवडे! एवढ्या अवधीत त्यांनी जे टिपले ते एखाद्या नवशिक्याला टिपता आले नसते. पन्नास पौंडांना विल्यम्सन कॅमेरा घेऊन ते एप्रिलच्या आरंभी परतले.

आता या धाग्याचा माझ्या दृष्टीने मुख्य भाग येतो. चित्रकार एकटा चित्र काढू शकतो, छायाचित्रकारही एकट्याने निभावून नेतो. चित्रपट एकट्याने होत नाही; आणि १९१२ साली मुंबईत ही विद्या येणारे मदतनीस मिळणे अशक्य होते. म्हणजे फाळके यांना आधी शिक्षक व्हावे लागले, मग दिग्दर्शक.

पहिला वर्ग भरला दादरच्या घरात. एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यासमोर रोखून ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. मिनिटभराच्या त्या चित्रपटात, ‘अंकुराची वाढ’ मध्ये, बी फुटून वेल चढताना दिसला. ज्यांच्याकडून कर्ज हवे होते त्यांना हा चित्रपट दाखवण्यात आला. पुढे वांगणीच्या फौजदाराला जो धडा मिळाला, त्याचीच ही आधीची आवृत्ती : तोंडाने पटवण्यात वेळ घालवायचा नाही, करून दाखवायचे.

पहिली विद्यार्थिनी सरस्वतीबाई. परदेशातून आलेल्या कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे नसत. ती अंधारात, केवळ स्पर्शाच्या जोरावर, यंत्राने पाडावी लागत. हे काम त्या शिकल्या. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करणे, हेही शिकल्या. आणि यावर कडी म्हणजे साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. भांडवलासाठी त्यांचे दागिनेही गेले. आज आपण अशा व्यक्तीला तंत्रज्ञ म्हणतो आणि श्रेयनामावलीत तिचे नाव झळकते. त्या काळच्या नोंदींत त्या केवळ ‘फाळके यांच्या पत्नी’ आहेत.

दुसरे विद्यार्थी त्र्यंबक तेलंग, बालमित्र. फाळके यांनी त्यांच्या हाती विल्यम्सनचा दांडा दिला आणि त्यांना छायालेखक बनवले. गज्जरांनी दिलेल्या प्रयोगशाळेची किल्ली येथे पुढच्या हातात गेली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. तिसरे अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातील आचारी. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. प्रतिष्ठित घरांतील तर नाहीच, परंतु तवायफांनीही नकार दिला. शेवटी नाजूक बांध्याच्या या आचाऱ्याला फाळके यांनी अभिनय शिकवला आणि तो भारतीय पडद्यावरील पहिली नायिका झाला. पुढे ‘लंकादहन’ मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. रोहिदासाच्या भूमिकेत फाळके यांचा मुलगा भालचंद्र होता.

सहा महिने आणि सत्तावीस दिवस काम चालले आणि ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला.

त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला हलले. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या आणि स्त्रीपात्रांचा प्रश्न सुटू लागला. नाशिकचा कारखाना दिसायला एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबासारखा होता. नट, सुतार, रंगारी, रसायनकार तेथेच राहत, तेथेच जेवत, तेथेच शिकत. फाळके यांची मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’ मध्ये बालकृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभीच ही चिमुरडी वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. पाहताना आपण वर्गात बसल्यासारखे वाटते. जणू वडील कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारत आहेत आणि मुलगी उत्तरे देत आहे.

१९१७ मध्ये फाळके यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा एक लघुपटच काढला. जरा विचार करा, ज्या धंद्यात आपली मक्तेदारी आहे त्याची गुपिते कोणता धंदेवाईक उघड करील? जादूगार आपली करामत कधी सांगत नाही. प्रोफेसर केळफाने सांगितली. त्याच सुमारास ‘नवयुग’ मधील लेखमालेतून त्यांनी वाचकांना आपली कहाणी आणि या धंद्याची घडण उलगडून सांगितली. हा उद्योग देशाचा व्हावा, हा त्यांचा आग्रह होता; आणि तो देशाचा व्हायचा तर आपल्याशिवाय इतरांनाही तो यायला हवा, हे त्यांना कळत होते.

१९१८ साली भांडवलदारांच्या भागीदारीने ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. पैशाची चिंता मिटली आणि घराचा कारखाना झाला. खर्चाचे हिशेब, ठरलेल्या मुदती, विचारणा! जे लोणावळा-दादरच्या छापखान्यात घडले तेच पुन्हा घडले. फाळके सर्व सोडून सहकुटुंब काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. चित्रपटाचा जनक निवृत्त होऊन नाटकाकडे वळला, यात अनेकांना पराभव दिसतो. मला तो जुन्या सवयीचा भाग वाटतो. एक माध्यम रुसले की फाळके दुसऱ्याच्या दारी जात. समजूत घातल्यावर ते परतले, पुन्हा चित्रपट काढले. परंतु ती घरगुती शाळा पुन्हा भरली नाही. तोवर त्यांचा धडा गिरवून मोठी झालेली माणसे आणि त्यांच्याशी काहीही संबंध नसलेल्या नव्या कंपन्या पुढे निघून गेल्या होत्या.

बोलपट आला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ केला. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव मूळ बोलपट, आणि शेवटचा चित्रपट. वय सदुसष्ट. नंतर नाशिकला विस्मृतीची आणि ओढगस्तीची वर्षे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपट काढण्यासाठी सरकारी परवाना लागत असे. ज्याने हा उद्योग या देशात आणला त्या त्र्याहत्तर वर्षांच्या वृद्धाने १९४४ च्या आरंभी परवान्यासाठी अर्ज केला. सरकारने तो नाकारला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

‘चित्रपट कसे तयार करतात’ चा काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आजही पाहायला मिळतो. एरवी कायम कॅमेऱ्यामागे राहिलेले फाळके त्यात कॅमेऱ्यासमोर आहेत : नटांना सूचना देताना, आणि फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना.